सिग्नलला उभी राहिली की जुनी स्पोर्ट्स कार थरथरते का? ‘एमजीबी’च्या इंजिनातला बिघाड असा शोधतात

सिग्नल लाल आहे. रांगेत एक छोटी, दोन सीटची, उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी आहे. शेजारच्या रिक्षातले, बाइकवरचे लोक मोबाईल काढून फोटो घेतायत. चालवणाऱ्याचं मात्र फोटोकडे लक्षच नाही. त्याचे कान इंजिनाकडे लागलेत. इंजिन दोन-चार ठोके नीट देतं, मधेच एक ठोका गाळतं, गाडी थरथरते, आरपीएमचा काटा खाली जातो आणि तो घाबरून पायानं रेस देतो. सिग्नल हिरवा होतो, गाडी सुटते आणि गंमत म्हणजे वेग घेतल्यावर सगळं एकदम ठीक वाटतं.

गॅरेजच्या भाषेत याला म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारतेय’ किंवा ‘गाडी स्लोला उभी राहत नाही.’

जगभरात जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे. त्यावर पैसेही सगळ्यात जास्त वाया जातात. कारण बहुतेकजण आधी पार्ट बदलतात आणि मग विचार करतात. प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटरचं किट टाकलं आणि शेवटी दोष निघाला चिरलेल्या एका रबरी पाइपात, असं हमखास होतं.

मग नेमका बिघाड शोधायचा कसा? हे समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे एमजीबी.

एमजीबी म्हणजे कोणती गाडी?

एमजी म्हटलं की आज आपल्याला हेक्टर आठवते. २०१९ मध्ये ती भारतात आली. पण हे नाव फार जुनं आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका गॅरेजवरून पडलेलं नाव. याच एमजीनं १९६२ मध्ये एमजीबी नावाची स्पोर्ट्स कार आणली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या कारखान्यात ती १९८० पर्यंत बनत होती. या १८ वर्षांत ५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या.

म्हणूनच आजही ब्रिटन आणि अमेरिकेत ही सर्वसामान्य माणसाला परवडणारी जुनी स्पोर्ट्स कार समजली जाते. मालक शनिवार-रविवारी स्वतःच बॉनेट उघडून बसतात.

आपला आणि या गाडीचा एक जवळचा संबंधही आहे. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं धाकटं इंजिन आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावत होतं. म्हणजे ज्या जुन्या मिस्त्रींनी अ‍ॅम्बेसेडरची इंजिनं खोलली, त्यांना एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

बिघाड स्लोलाच का जाणवतो?

कुठलंही पेट्रोल इंजिन चालायला चार गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते दाबलं जाण्यासाठी पुरेसं कॉम्प्रेशन, दमदार ठिणगी आणि ती ठिणगी योग्य वेळी पडणं. यातली एक जरी गोष्ट बिघडली तरी ठोका गळतो.

आता गाडी जोरात पळत असते तेव्हा इंजिन भरपूर हवा ओढत असतं. त्यात एखाद्या फटीतून थोडी जास्तीची हवा शिरली तर काही फरक पडत नाही. पण गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळपास बंद असते. इंजिन अगदी थोड्या हवेवर जगत असतं आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम सगळ्यात जास्त असतो. अशा वेळी तीच छोटी फट मोठी होते. चुकून आलेली हवा एकूण हवेच्या मानानं खूप जास्त ठरते, मिश्रण पातळ होतं आणि पेट घेत नाही.

दुसरं म्हणजे, वेगात असताना एखादा ठोका गळला तर फिरत्या फ्लायव्हीलचा जोर ते झाकून टाकतो. स्लोला तेवढा जोर नसतो, त्यामुळे गळलेला प्रत्येक ठोका सीटपर्यंत जाणवतो.

इथूनच निदानाची पहिली पायरी सुरू होते. फक्त स्लोला त्रास होत असेल आणि वेगात गाडी ठीक चालत असेल, तर संशय हवेच्या गळतीवर किंवा मिश्रणावर. स्लोला बरी पण चढावर, जोर टाकल्यावर झटके खात असेल, तर संशय ठिणगीवर. कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि कमजोर कॉइल किंवा वायर तिथं मान टाकते. सगळीकडेच त्रास असेल, तर कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हपासून तपासावं लागतं.

हा नियम शंभर टक्के लागू पडतो असं नाही. पण कुठून सुरुवात करायची ते यावरून ठरतं.

आधी गाडीला प्रश्न विचारायचे

चांगला डॉक्टर पेशंटला हात लावायच्या आधी चार प्रश्न विचारतो. चांगला मिस्त्रीही तेच करतो. त्रास गार इंजिनाला होतो की गरम झाल्यावर? पावसात वाढतो का? हळूहळू वाढत गेला की एका दिवसात आला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याआधी गाडीवर कुठलं काम झालं होतं?

गार असताना व्यवस्थित आणि गरम झाल्यावर मिसिंग, असं असेल तर कॉइल आणि कंडेन्सरवर संशय जातो. उष्णतेनं त्यांच्या आतलं इन्सुलेशन दगा देतं. पावसाळी हवेत त्रास होत असेल तर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या वायरी. हळूहळू वाढत गेला असेल तर काहीतरी झिजतंय.

एमजीबीत डॅशबोर्डवरच एक फुकटचं मीटर आहे, ते म्हणजे आरपीएमचा काटा. बहुतेक एमजीबीत हा काटा इग्निशनच्या सर्किटवरच चालतो. इंजिन झटका खाताना काटा एकदम शून्याकडे पडला, तर दोष कॉइलकडे जाणाऱ्या १२ व्होल्टच्या बाजूला आहे. म्हणजे स्विच, वायर, पॉइंट यांपैकी काहीतरी. काटा इंजिनाबरोबर हळूहळू खाली आला, तर दोष पेट्रोलमध्ये किंवा कॉइलच्या पुढच्या हाय व्होल्टेजच्या बाजूला. एवढ्या एका निरीक्षणानं अर्धी शोधाशोध वाचते.

चारपैकी कोणता सिलिंडर आजारी?

पुढची पायरी म्हणजे नेमका सिलिंडर पकडणं. इंजिन बंद करायचं, एका प्लगची वायर काढायची, ती एका जादा प्लगला लावून तो प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून पक्का ठेवायचा आणि इंजिन सुरू करायचं. इंजिन आणखी थरथरलं, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो आधीपासूनच बसलेला होता. चालू इंजिनाची वायर उघड्या हातानं ओढायची नसते. शॉक तर बसतोच, शिवाय मोकळ्या सोडलेल्या वायरीमुळे कॉइल खराब होऊ शकते.

इथं बी सिरीज इंजिनाची एक खास रचना कामी येते. चार सिलिंडर असले तरी हेडमध्ये हवा आत जायला फक्त दोन वाटा आहेत. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका वाटेवर, तिसरा आणि चौथा दुसऱ्या वाटेवर. युरोपात विकल्या गेलेल्या एमजीबीला दोन एसयू कार्बोरेटर होते आणि प्रत्येक कार्बोरेटर एकेक वाट सांभाळायचा. (अमेरिकेत १९७५ पासून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर आला, तिथं हा हिशोब लागू होत नाही.)

म्हणजे पहिला-दुसरा असे दोन्ही सिलिंडर कमजोर असतील, तर पुढचा कार्बोरेटर किंवा त्याचं गॅस्केट तपासायचं. तिसरा-चौथा असतील तर मागचा. दुसरा-तिसरा असे मधले दोन शेजारी बसले असतील, तर दोघांच्या मधून हेड गॅस्केट फुटलं असण्याची शक्यता मोठी. आणि एकच सिलिंडर आजारी असेल, तर त्याचा प्लग, त्याची वायर किंवा त्याचा व्हॉल्व्ह.

प्लग काढले की त्यांचा रंगही बघायचा. तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. तेलकट ओला म्हणजे इंजिन ऑइल आत येतंय. आजच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर प्लग पूर्वीपेक्षा फिकट दिसतात, त्यामुळे एकट्या रंगावर निकाल द्यायचा नाही. चारही प्लग शेजारी ठेवून वेगळा कोण दिसतो ते बघायचं.

पाया पक्का आहे का?

ठिणगी आणि कार्बोरेटरकडे जायच्या आधी कॉम्प्रेशन मोजणं गरजेचं आहे. गेज प्लगच्या जागी लावून स्टार्टर फिरवायचा. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे महत्त्वाचं. साधारण १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर चिंता नाही. एखादा सिलिंडर फारच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा गेल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

मग टॅपेटची गॅप. एमजीबीत ती गार इंजिनाला साधारण ०.३८ मिलिमीटर ठेवतात. जुन्या गाड्यांमध्ये ही गॅप कमी होत जाण्यामागे एक इतिहास आहे. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. त्या शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटवर एक संरक्षक थर बसायचा. प्रदूषणामुळे ब्रिटन आणि भारतात २००० च्या आसपास शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या जुन्या हेडमध्ये कडक सीट बसवलेल्या नाहीत, तिथं व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुततो. गॅप संपते, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि स्लोला ठोका गळायला लागतो. अशा गाडीचा कार्बोरेटर दहा वेळा सेट केला तरी काही उपयोग होत नाही.

आता ठिणगीकडे

जुन्या मिस्त्रींचा एक ठोकताळा आहे. कार्बोरेटरचा वाटणारा बिघाड बहुतेक वेळा इग्निशनचाच निघतो. एमजीबीच्या बाबतीत तो अनेकदा खरा ठरतो.

हिशोब बघा. स्लोला इंजिन मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला १६०० ठिणग्या पडतात. म्हणजे सेकंदाला जवळपास २७. आणि या सगळ्या ठिणग्या एमजीबीत एका छोट्या यांत्रिक स्विचवर अवलंबून असतात. त्यालाच म्हणतात पॉइंट, म्हणजे आपल्याकडच्या गॅरेजमधला ‘सीबी पॉइंट’.

ही पद्धत अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास आणली. पॉइंट बंद असताना कॉइलमध्ये करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की ते क्षेत्र कोसळतं आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर हे व्होल्टेज १-३-४-२ या क्रमानं प्लगना वाटतो. आपल्या प्रीमियर पद्मिनीत आणि सुरुवातीच्या मारुती ८०० मध्येही डिस्ट्रिब्युटरच होता.

एमजीबीत पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढी. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तशी गॅप कमी होते. गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन आळशी होतं. म्हणूनच क्रम लक्षात ठेवायचा. आधी पॉइंट, मग टायमिंग. उलटं केलं तर सेट केलेलं टायमिंग पुन्हा हलतं.

पॉइंटच्या शेजारी एक छोटं डबडं असतं, कंडेन्सर. तो खराब झाला की पॉइंट उघडताना तिथंच जोरात ठिणग्या उडतात, पॉइंट जळतात आणि प्लगपर्यंत दम पोहोचत नाही. जुन्या गाड्यांच्या वर्तुळात गेल्या काही वर्षांत याबद्दल मोठी तक्रार आहे. बाजारात मिळणारे काही नवे कंडेन्सर आणि रोटर जुन्यांपेक्षा कमी टिकतात. त्यामुळे ‘नवीन टाकलाय, म्हणजे तो ठीकच असणार’ असं गृहीत धरणं महागात पडतं. अनुभवी मालक जुना पण चालू असलेला पार्ट फेकत नाहीत. संशय आला की तोच परत लावून बघतात.

एमजीबीतला सगळ्यात लबाड बिघाड मात्र याहून छोटा आहे. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटकडे जाणारी एक बारीक, मऊ वायर असते. व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्समुळे आतली प्लेट सतत हलते आणि वर्षानुवर्षं वाकून ही वायर आवरणाच्या आत तुटते. बाहेरून अख्खी दिसते, पण इंजिन हललं की कधी जोडली जाते, कधी सुटते. प्लेटच्या अर्थिंगच्या वायरीचंही तेच. लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात, आणि दोष या बोटभर वायरीत असतो. ती हलकेच ओढून बघायची. रबरासारखी ताणली गेली तर आतली तार तुटलेली आहे.

कॅपला केसाएवढी चीर गेली किंवा वायरींचं आवरण फुटलं, तर त्याची परीक्षा रात्री होते. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवायचं. जिथून करंट गळतोय तिथं निळसर ठिणग्या दिसतात.

एक जुना विनोद इथं सांगायला हवा. या गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचं असायचं. ब्रिटिश गाड्यांचे दिवे कधीही जायचे म्हणून अमेरिकेत लोक लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणायचे. याच लुकासची भारतात टीव्हीएसबरोबर १९६० च्या दशकापासून भागीदारी होती आणि लुकास-टीव्हीएसचं नाव आपल्याकडच्या गॅरेजमध्ये घरचं आहे. पण आज ५०-६० वर्षांच्या गाडीत सापडणारे बिघाड बघितले, तर बऱ्याच वेळा गुन्हेगार असतात गंजलेले जोड, ढिले कनेक्शन आणि खराब अर्थिंग. सँडपेपर आणि पाना यांनी ते काम होतं.

आणखी एक लक्षण ओळखायला सोपं आहे. चावी फिरवून स्टार्टर मारला की गाडी सुरू होते आणि चावी सोडली की लगेच बंद पडते. नंतरच्या एमजीबीत कॉइलच्या वाटेवर एक रेझिस्टन्स वायर आहे. स्टार्टर मारताना करंट तिला वळसा घालून थेट कॉइलला जातो आणि नंतर तिच्यातून जातो. ही वायर तुटली की असं होतं.

हवा कुठून शिरतेय?

ठिणगी आणि टायमिंग नीट असूनही स्लो जमत नसेल, तर हवेची गळती शोधायची. एमजीबीत नेहमीच्या जागा ठरलेल्या आहेत. मॅनिफोल्डचं गॅस्केट, कार्बोरेटरच्या खालची गॅस्केटं, डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा व्हॅक्युमचा बारीक पाइप आणि ज्या गाड्यांना ब्रेकचा सर्वो आहे त्यांचा जाड रबरी पाइप.

रबरी पाइपांची तपासणी फुकटात होते. पाइप पकडीनं, कापड गुंडाळून, दाबून धरायचा. इंजिनाचा आवाज सुधारला तर गळती त्याच पाइपाच्या पुढे आहे. सर्वोमधून गळती असेल तर तो फक्त स्लोचा प्रश्न राहत नाही, ब्रेकचाही होतो. त्यामुळे तिथं चालढकल नको.

गॅस्केटसाठी बरेच जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. आवाज बदलला की गळती सापडली. पण एमजीबीत कार्बोरेटर आणि तापलेला एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला, एकमेकांवर आहेत. पेटणारा स्प्रे तिथं मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. त्याऐवजी पाण्याचा हलका फवारा मारला तरी आवाजातला फरक कळतो. आणि हे सगळं मोकळ्या हवेत करायचं. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाजवळ उभं राहिलं तर कार्बन मोनॉक्साईडचा वासही न येता जीव जाऊ शकतो.

गळतीची आणखी एक जागा कार्बोरेटरमध्येच आहे. झडप ज्या दांडीवर फिरते ती दांडी आणि तिचं भोक झिजतं. दांडी बोटानं हलवून बघितली आणि ती खडखडली, तर तिथून हवा शिरणारच. अशा वेळी स्क्रू कितीही फिरवले तरी स्लो एका जागी राहत नाही. बॉडीला नवीन बुश बसवणं हाच उपाय.

कार्बोरेटर सगळ्यात शेवटी

हे सगळं झाल्यावर, आणि झाल्यावरच, कार्बोरेटरला हात लावायचा. कारण कार्बोरेटर सेट करणं म्हणजे बाकी सगळं नीट आहे असं मानून शेवटचा हात फिरवणं.

दोन एसयू कार्बोरेटर असतील तर आधी दोघं सारखी हवा ओढतायत का ते बघायचं. यासाठी मीटर मिळतं, पण जुनी पद्धत अजूनही चालते. रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा ‘हिस्स’ आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे.

मग मिश्रण. एसयू कार्बोरेटरमध्ये एक पिस्टन हवेच्या ओढीनं वर-खाली होतो. त्याला खालून अगदी थोडं, मिलिमीटरपेक्षाही कमी, उचलायची एक पिन असते. पिन उचलली आणि इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. वेग पडला किंवा इंजिन बंद पडलं, तर पेट्रोल कमी आहे. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आला, तर मिश्रण बरोबर. ना कॉम्प्युटर, ना स्कॅनर.

पिस्टनच्या वरच्या नळीत थोडं ऑइलही असावं लागतं. ते संपलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. बरेच मालक हेच विसरतात.

मिश्रण चुकीचं ठेवून गाडी चालवत राहण्याचे परिणाम मात्र महाग असतात. पेट्रोल कमी असेल तर इंजिन तापतं आणि व्हॉल्व्ह जळतात. जास्त असेल तर सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन जातं आणि रिंगा झिजतात. सिग्नलवरची थरथर वर्षभर दुर्लक्षित केली तर तिचं बिल पूर्ण इंजिनाच्या कामात निघू शकतं.

इथेनॉलचा नवा पेच

जुन्या गाड्यांसमोर आता आणखी एक प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल सर्रास मिळू लागलं आणि जुन्या गाड्यांच्या मालकांना कमी इथेनॉलचं पेट्रोल वापरण्याचा सल्ला दिला गेला. भारतात तर २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचलं.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ होतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर ते आपोआप सावरतो, कार्बोरेटर सावरत नाही. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या प्रकारचं रबर फुगवतं, चिरवतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे जास्त होतं. एक्झॉस्टच्या वर असलेल्या कार्बोरेटरचा पेट्रोल पाइप चिरला, तर प्रश्न स्लोचा नाही, आगीचा असतो. म्हणून इथेनॉल सहन करणारे नवे पाइप टाकणं हा अशा गाडीवरचा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकलं की प्रश्न सुटतो का?

बऱ्याच अंशी, हो. पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणारं छोटं मॉड्यूल मिळतं. टाच झिजणं, गॅप बदलणं हे सगळं थांबतं. पण डिस्ट्रिब्युटरचा दांडाच खिळखिळा असेल, कॅपला चीर असेल किंवा हवा गळत असेल, तर मॉड्यूल काही करू शकत नाही. आणि पॉइंट सहसा हळूहळू कुरकुर करत खराब होतात, मॉड्यूल एका क्षणात गप्प होतं. काही मॉड्यूल तर इंजिन बंद ठेवून चावी चालू राहिली तरी जळतात. म्हणून मॉड्यूल बसवलेले अनेक मालकही सेट केलेले जुने पॉइंट, कंडेन्सर, रोटर आणि फिलर गेज डिकीत ठेवतात.

खरा तुटवडा कशाचा?

एमजीबीच्या बाबतीत पार्टचा फार प्रश्न नाही. ब्रिटनमध्ये या गाडीची अख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते. तुटवडा आहे तो कानानं इंजिन ओळखणाऱ्या माणसांचा.

आपल्याकडेही तेच होतंय. अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. २०२० मध्ये बीएस ६ आल्यावर नव्या बाइकमधूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. पॉइंट घासून, नळी कानाला लावून स्लो सेट करणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे गेलेत आणि त्यांच्या हाताखाली शिकायला येणारी मुलं लॅपटॉप जोडून गाडी तपासतात. त्यात चूक काहीच नाही, त्यांच्याकडे येणाऱ्या गाड्याच तशा आहेत.

दुसरीकडे, केंद्र सरकारनं २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आणले. त्यामुळे अशा गाड्या जपणाऱ्यांना कागदोपत्री आधार मिळाला. पण कागद मिळाला म्हणून गाडी सिग्नलला नीट उभी राहत नाही. त्यासाठी कॉम्प्रेशन, टॅपेट, पॉइंट, टायमिंग, हवेची गळती आणि शेवटी कार्बोरेटर हा क्रम माहीत असलेलं कुणीतरी लागतं. ओळखीत असा एखादा जुना मिस्त्री असेल, तर पुढच्या वेळी गाडी त्याच्याकडे नुसती सोडून येऊ नये. तो बॉनेट उघडेल तेव्हा शेजारी उभं राहून तो आधी काय बघतो आणि काय ऐकतो, ते विचारून घ्यावं.